कौलारू छप्पर दरवर्षी का गळते? घरी उभारलेल्या कामशाळेच्या छपराची तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

शाकारणी (पावसाआधीची कौलांची डागडुजी) झाली, फुटकी कौले बदलली, आढ्यावर (छपराच्या माथ्यावर) सिमेंट थापले, तरी मृगाची पहिली सर आली की पाणी त्याच जागी टपकते. कोकणात परसात स्वतः बांधलेल्या कामशाळांची ही नेहमीची तक्रार. बांधणी साधारण ठरलेली असते. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती किंवा सहा-आठ लाकडी खांब, त्यावर उताराच्या दिशेने वासे, वाशांवर आडव्या पट्ट्या म्हणजे रिपा आणि रिपांवर मंगळुरी कौले. छप्पर एक तर दुपाखी, म्हणजे दोन उतार (पाखे) असलेले, नाहीतर घराच्या भिंतीला टेकवलेले एकपाखी.

असे छप्पर एकदा गळले तर कौल फुटलेले असते. दरवर्षी गळत असेल तर दोष बहुतेक वेळा कौलाखालच्या लाकडात असतो: रिपांचे अंतर, वाशांचा बाक किंवा मुळातला उतार. नवे कौल घालून हे जात नाही. तरीही तपासणी कौलापासूनच सुरू करायची, कारण तिला पैसा लागत नाही आणि सोपी कारणे बाद झाल्याशिवाय रिपा उचकटणे म्हणजे खर्च वाया घालवणे.

लक्षणे

वाऱ्याची झड आली की गळते, सरळ पावसात गळत नाही, आणि ओल पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या पाख्यावर येते: कौले एकमेकांत नीट बसलेली नाहीत, नाहीतर उतार कमी आहे.

वारा नसतानाही संततधारेत एकाच आडव्या रांगेत तीन-चार ठिकाणी थेंब येतात: त्या रांगेच्या रिपेचे अंतर चुकले आहे, किंवा तिथे वासे खाली बसले आहेत.

पाऊस सुरू झाल्यावर तासाभराने थेंब येतात आणि पाऊस थांबल्यावरही पडत राहतात: कौल पाणी पीत आहे, आढ्याखालचा मसाला (सिमेंट-वाळूचे मिश्रण) भिजला आहे, किंवा लगतची चिऱ्याची भिंत पाणी ओढते आहे.

घराच्या भिंतीलगत ओघळ उतरतात: छपराचा आणि भिंतीचा सांधा.

आढ्याखाली दोन्ही बाजूंना ओघळ, आणि आढ्याच्या मसाल्यात लांबच्या लांब चीर: हे लक्षण गंभीर आहे. छप्पर फाकत असल्याची शक्यता असते. खालच्या सोप्या पायऱ्या सोडा आणि थेट शेवटच्या, ओळंब्याच्या (दोरीला वजन लावून भिंत सरळ उभी आहे का पाहण्याच्या) तपासणीकडे जा.

पाऊस नसताना पहाटे थेंब पडतात: ही गळती नसते. कौलाखाली प्लास्टिक किंवा पत्रा घातला असेल तर आतली दमट हवा त्याला लागून पाणी होते. आढ्याजवळ आणि वळचणीला (छपराच्या खालच्या कडेला) हवा खेळती केली की थांबते.

थेंब पडतो तिथे भोक नसते

ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर निम्मे श्रम वाचतात. कौलातून आत आलेले पाणी आधी रिपेला लागते, रिपेवरून वाशाला, आणि वाशाच्या खालच्या अंगाने उतरत जाते. वाटेत गाठ, खिळा किंवा सांधा आला की तिथे थेंब सुटतो. पाणी शिरले ती जागा थेंबाच्या वर असते, कधी दोन रांगा, कधी सहा.

म्हणून पहिले काम पावसातच करायचे. मुख्य स्विच बंद करा, बॅटरी घ्या आणि थेंबापासून वाशावरची ओल वरच्या दिशेने पाहत जा. जिथे वासा कोरडा लागतो त्याच्या लगेच खाली चिंधी बांधा. ओल्या लाकडावर खडू उठत नाही. मग वळचणीपासून कितवी रांग आणि कडेपासून कितवे कौल हे मोजून कागदावर लिहा, कारण छपरावर चढल्यावर खालची चिंधी दिसत नाही.

उन्हाळ्यात शोधायचे असेल तर पाण्याची नळी वापरा. एक माणूस आत, एक बाहेर शिडीवर. पाणी खालच्या रांगेपासून सोडायला सुरुवात करा आणि प्रत्येक रांगेवर पाच मिनिटे थांबून वर सरका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या रांगांवरून वाहते आणि काहीच कळत नाही. नळीची धार कौलांच्या सांध्यात खालून वर मारू नका. तसे केल्यास चांगले छप्परही गळेल.

फुकटातली तपासणी: पाला, शेवाळ, सरकलेली कौले

आंबा, फणस किंवा जांभळाखाली कामशाळा असेल तर आधी पाला काढा. दोन कौलांमधला उभा सांधा ज्या कडेने अडवलेला असतो ती कड जेमतेम अर्धा इंच उंच. पन्हळीत पाला साचला की पाणी तुंबते, या कडेवरून पलीकडे जाते आणि सरळ आत येते. शेवाळही तेच करते. मे महिन्यात, कोरड्या कौलांवर ताठ कुंच्याने झाडून घ्या. जोराच्या पाण्याच्या यंत्राने धुऊ नका; कौलाचा वरचा भाजलेला थर उडतो आणि पाणी सांध्यात घुसते.

कौलांवर थेट पाय देऊन चालू नये. शिडी पाख्यावर उताराच्या दिशेने निजवून तिचे वरचे टोक आढ्याला अडकवा आणि शिडीवरूनच काम करा. पाय टेकवावाच लागला तर खाली रीप आहे तिथे, कौलाच्या मधोमध नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या कौलांवर चढूच नका, मग गळती कितीही असो.

सरकलेली कौले आतूनच हाताने वर ढकलून बसवता येतात. माकडे, पडलेले नारळ, झावळ्या आणि वादळी वारा ही सरकण्याची नेहमीची कारणे. दुपारी दारे-खिडक्या लावून आत उभे राहा. सांध्यांतून कडेकडेने मंद उजेड दिसतो तो दोष नाही. आकाशाचा लख्ख ठिपका दिसला तर तिथे कौल सरकले आहे किंवा टवका उडाला आहे.

थोड्या खर्चाची तपासणी: खुद्द कौल

संशयित कौल काढून बोटाच्या सांध्याने वाजवा. चांगले कौल खणखणते, तडकलेले बद्द वाजते. केसासारखी चीर डोळ्यांना दिसत नाही, आवाजाने कळते. पाणी पिणारे कौल वजनाने ओळखा: कोरडे असताना तोला, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा तोला. अडीच किलोच्या कौलाचे वजन अर्ध्या किलोहून जास्त वाढले तर ते कच्चे भाजलेले आहे. एवढी कौले बदलून टाका. अशा कौलांना वरून रंग देतात, पण खालून आणि कडांनी पाणी पिणे चालूच राहते. पावसाच्या मध्यावर बदलणे शक्य नसेल तर चिरलेल्या कौलावर आठ इंच रुंद, चौदा इंच लांब पत्र्याची पट्टी वरच्या कौलाखाली सरकवा. हा उपाय दसऱ्यापर्यंत टिकला म्हणजे पुरे.

आता एक गोष्ट जी खरेदी करताना सहसा कोणी पाहत नाही. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे किनाऱ्यावर असे अनेक कारखाने निघाले. सगळ्यांचे कौल ‘मंगळुरी’च, पण प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. लांबीत पाव-अर्धा इंच फरक असतो, खाचा वेगळ्या जागी येतात. जुन्या घराची उतरवलेली कौले आणि दुकानातली नवी कौले एकाच पाख्यावर मिसळली तर ती एकमेकांत बसत नाहीत, नुसती एकमेकांवर टेकतात. कौलाच्या पाठीवरचा शिक्का पाहा आणि एका पाख्यावर एकाच शिक्क्याची कौले घाला. दुसरी कौले असतील तर त्यांना दुसरा पाखा द्या. त्याच शिक्क्याची वीस-पंचवीस कौले जास्तीची आणून आडोशाला उभी करून ठेवा, आडवी नाहीत. आडव्या थप्पीत खालची तडकतात.

आढे

आढ्यावरच्या कौलांखालचा मसाला सिमेंट जास्त घालून कडक केला की तडकतो, कारण खालचे लाकूड दर ऋतूत फुगते आणि आकसते. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू हे प्रमाण चालते. जुना मसाला पूर्ण खरवडून काढा, कौले भिजवा, मग बसवा आणि ओले पोते टाकून सात दिवस ओलसर ठेवा. मसाला आढ्याच्या कौलाच्या कडेपासून अर्धा इंच आत राहिला पाहिजे. बाहेर आला तर त्याचा ओटा होतो, त्यावर पाणी थांबते आणि आत ओढले जाते. चिरेवर डांबर किंवा नुसते सिमेंट फासणे टाळा. त्याने चीर बुजत नाही, फक्त दिसेनाशी होते, आणि पुढच्या वर्षी शोधायला दुप्पट वेळ लागतो.

भिंतीचा सांधा

एकपाखी कामशाळेत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. छपराच्या वरच्या कडेला, भिंतीला लागून सिमेंटचा गोलवा (गोलसर पट्टा) मारलेला असतो. भिंत हलत नाही, छप्पर हलते, त्यामुळे एका उन्हाळ्यात गोलवा भिंतीपासून सुटतो. योग्य उपाय पत्र्याची पट्टी. भिंतीवर कौलांच्या सहा इंच वर एक इंच खोल आडवी खाच पाडायची, पट्टीचे वरचे टोक त्यात घालून मसाल्याने बंद करायचे, पट्टी भिंतीवरून खाली आणायची आणि किमान सहा इंच कौलांवर पसरायची. ती कौलांना खिळायची नाही. छप्पर हलले तरी पट्टीखाली सरकत राहील.

पट्टी घातली तरी गळते अशी तक्रार आली तर भिंत पाहा. चिरा सच्छिद्र असतो. गिलावा नसलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर झड बसली की पाणी दगडात शिरते, दगडातूनच खाली झिरपते, पट्टीच्या मागून उतरते आणि आत येते. तिथे छपराला हात लावण्यात अर्थ नाही. पट्टीच्या वर किमान तीन फुटांपर्यंत भिंतीचे सांधे भरून गिलावा करावा लागतो.

उतार मोजा

लेव्हल वाशाच्या खालच्या अंगाला एका टोकाने टेकवून आडवी धरा. टेकलेल्या बिंदूपासून बारा इंच आडवे मोजा आणि तिथून वाशापर्यंत उभे माप घ्या. सात इंच आले तर उतार ३० अंश, कोकणातल्या पावसाला ठीक. सहा इंच म्हणजे साडेसव्वीस अंश, मंगळुरी कौलांची ही खालची मर्यादा. पाच इंच आले तर छप्पर झडीत गळणारच. कौले, मसाला, पट्ट्या काहीही केले तरी. उंची वाचवण्यासाठी एकपाखी छप्पर चपटे ठेवले जाते आणि तिथेच हे घडते.

चपट्या छपराला दोन मार्ग आहेत. कौले उतरवून पत्रा घालणे, किंवा कौलांखाली पाणी न शिरणारा थर घालणे. दुसऱ्या मार्गात एक चूक जवळपास प्रत्येक ठिकाणी आढळते: वाशांवर प्लास्टिक ताणून त्यावर थेट आडव्या रिपा ठोकतात. वरून झिरपलेले पाणी मग प्रत्येक रिपेमागे अडते आणि दोन-तीन वर्षांत रिपा कुजतात. प्लास्टिकवर आधी प्रत्येक वाशाच्या रेषेत अर्धा-पाऊण इंच जाडीची उभी पट्टी ठोका, तिच्यावर आडवी रीप. पाणी रिपेखालून वळचणीपर्यंत वाहून जाते.

रिपांचे अंतर: वारंवार गळणाऱ्या छपराचे खरे दुखणे

मंगळुरी कौल मागच्या बाजूच्या नाकाने रिपेला अडकते आणि त्याच्या खालच्या टोकाची खाच खालच्या कौलाच्या वरच्या कडेवर बसते. ही मिठी बसण्यासाठी दोन रिपांमधले अंतर नेमके लागते. बहुतेक कौलांना ते साडेबारा इंचांच्या (३२ सेंमीच्या) आसपास येते, पण ‘आसपास’वर विसंबून रिपा ठोकल्या की पुढची दहा वर्षे गळती. अंतर जास्त झाले तर खाच कडेपर्यंत पोचतच नाही. कमी झाले तर कौल कडेवर चढते, शेपटी (खालचे टोक) उचलली जाते आणि वारा तिथून पाणी आत ढकलतो. दोन्हींत खालून छप्पर ठीकच दिसते.

माप कौलांवरूनच काढायचे. बारा कौले सपाट जमिनीवर एकमेकांत अडकवून एका रांगेत मांडा. एकदा सगळी ओढून ताणा आणि पहिल्या कौलाच्या वरच्या काठापासून अकराव्याच्या वरच्या काठापर्यंत मोजा. मग सगळी ढकलून आवळा आणि तेच माप घ्या. दोन्हींची सरासरी काढून १० ने भागा. ताणून ३२४ सेंमी आणि आवळून ३१८ सेंमी आले तर सरासरी ३२१, म्हणजे रिपा ३२.१ सेंमीवर. हे अंतर एका रिपेच्या वरच्या कडेपासून पुढच्या रिपेच्या वरच्या कडेपर्यंतचे.

आता छपराखाली जाऊन एका वाशावर रिपांमधल्या लागोपाठ दहा अंतरांचे एकूण माप घ्या, मग एकेक मोजा. एकूण बरोबर आणि एखादे चुकले असेल तर तेवढ्या रिपा सरकवून काम होते. माप छपराच्या दोन्ही टोकांना घ्या. एका टोकाला ३२ आणि दुसऱ्याला ३३ येत असेल तर रिपा तिरक्या गेल्या आहेत, आणि गळती एकाच बाजूला का होते त्याचे उत्तर तिथेच आहे.

वळचणीची पहिली रीप वेगळी असते. तिच्यावरच्या कौलाच्या शेपटीखाली टेकायला दुसरे कौल नसते, म्हणून वाशांच्या टोकाशी, शेपटीखाली एका कौलाच्या जाडीइतकी उंच पट्टी लागते. ती नसली की पहिली रांग खाली झुकते आणि दुसऱ्या रांगेची मिठी सुटते. वळचणीपासून दोन फुटांच्या आत सतत ओल असेल तर हेच पाहा.

कौले उतरवताना आढ्याकडून खाली, चढवताना वळचणीकडून वर. रीप दोन इंच बाय एक इंच, वासे दीड-दोन फुटांवर असतील तर पुरते. रिपांचे सांधे वाशावरच यावेत आणि लागोपाठच्या रांगांत एकाच वाशावर येऊ नयेत. किनाऱ्यालगत जस्ताचा मुलामा दिलेले खिळे वापरा. साधे खिळे खाऱ्या हवेत गंजून रीप फाडतात.

वासे, आढे आणि कीड

वाशाच्या दोन टोकांना खालून खिळे ठोकून दोरी ताणा. मध्यभागी वासा दोरीखाली किती आला ते पाहा. दहा फुटी वाशाला अर्ध्या इंचापर्यंत बाक चालतो, त्यापुढे कौलांचे सांधे उघडतात. वजनाचा अंदाज घ्या: २० चौरस मीटर पाख्याला सुमारे ३०० कौले, म्हणजे कोरडी असताना ७५० किलो, आणि पावसात भिजून आणखी शंभरेक. दोन बाय चार इंचाचा ऐन, किंजळ किंवा सागाचा वासा दीड फुटावर असेल तर आधाराविना आठ-साडेआठ फुटांपर्यंतच जावा. त्याहून लांब असेल तर मधोमध आडवी तुळई हवी. ओल्या लाकडाचे वासे चढवले तर ते बाक घेऊनच वाळतात. आणि कामशाळेत वाशांना चेन-पुली, लोखंडी पाइप, जुनी मोटार टांगली जाते. बाक आलेल्या वाशाला आधी हे वजन उतरवा.

पेचकस घेऊन वाशांची टोके, भिंतीत गेलेला भाग आणि खांबांचे बुड टोचून पाहा. पाते सहज पाव इंच आत गेले तर लाकूड कुजले आहे. मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी, पिठासारखी पूड म्हणजे भुंगा. काजूच्या टरफलाचे तेल वाशांना लावण्याची रीत चांगली आहे, पण ते कातडी भाजते. हातमोजे आणि चष्मा घालूनच लावा.

शेवटी ओळंबा. दोन्ही बाजूंच्या भिंती किंवा खांब वरून बाहेर झुकले आहेत का पाहा. दुपाखी छपराचे वासे पायाशी बाहेर ढकलतात. दोन्ही बाजूंच्या वाशांची टोके आडव्या तुळईने बांधलेली नसतील तर भिंती हळूहळू फाकतात, आढे खाली येते आणि आढ्याच्या मसाल्यात लांब चीर पडते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

भिंत किंवा खांब सहा फुटांत अर्ध्या इंचाहून जास्त झुकला असेल, आढे मधोमध खाली बसले असेल, मुख्य तुळई किंवा वाशाचे टेकलेले टोक कुजले असेल, तर स्वतः कौलही उतरवू नका. एका पाख्याचे वजन काढले की दुसरा पाखा ढकलतो, आणि कमकुवत छप्पर असेच कोसळते. आधी टेकू, मग काम, आणि ते छपरे उभारणाऱ्या सुताराचे काम आहे. भिंत झुकली असेल तर स्थापत्य अभियंताही दाखवा. खांबांच्या बुडाशी वाळवी असेल तर वरून औषध मारून भागत नाही. जमिनीतला उपचार करणारा माणूस लागतो. पाणी विजेच्या पेटीत किंवा यंत्राच्या मोटारीत गेले असेल तर वायरमनने तपासल्याशिवाय मुख्य स्विच चालू करू नका. वळचण दहा फुटांहून उंच असेल तर शिडीवरून एकट्याने काम करायचे नाही.

ऐन पावसात सुतार मिळत नाही. तोपर्यंत ताडपत्री टाकायची झाली तर ती आढ्यावरून दोन्ही पाख्यांवर जाईल एवढी मोठी घ्या. वरची कड पाख्याच्या मधेच ठेवली तर पाणी ताडपत्रीखाली शिरते. दोन्ही बाजूंच्या टोकांना बांबू गुंडाळून वळचणीखाली खांबांना दोरीने आवळा, आणि कौलांवर दगड ठेवू नका.